अठ्ठ्याण्णव हजार चारशे बारा

आमच्या बाजारपेठेच्या अगदी शेवटी, टायरवाल्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मध्ये, आठ फूट रुंदीचं एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. पाटी लावायला जागाच उरली नाही असं म्हटलं तर ते जास्त खरं होईल. आत पाऊल टाकलं की डाव्या भिंतीवर, उजव्या भिंतीवर, आणि मागच्या दारातून डोकावलं तर थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवरसुद्धा मोटरसायकलींची मीटरं टांगलेली दिसतात. काळ्या तबकडीची, पांढऱ्या तबकडीची, काच तडकलेली, काच शाबूत असलेली. प्रत्येकाचा काटा तळाशी टेकलेला, आणि काट्याखालच्या बारीक खिडकीत एक आकडा. कुठे बेचाळीस हजार, कुठे सत्त्याहत्तर हजार. ती गाडी जन्मभरात जेवढे किलोमीटर चालली, तेवढा तो आकडा. गाड्या केव्हाच वितळून त्यांच्या सळया झाल्या. आकडे मात्र इथे आहेत.

या सगळ्यांच्या खाली, खिडकीजवळच्या टेबलाशी, एका डोळ्याला भिंग लावून जो माणूस बसलेला असतो त्याला सगळा बाजार मीटरदादा म्हणतो. मीटर दुरुस्त करणं हे त्याचं पोट, आणि मीटर जमवणं हा त्याचा शौक. पोटातून जे वाचतं ते शौकात जातं. कधी कधी वाचायच्या आधीच जातं.

रविवारी सकाळी दुकानासमोर शौकिनांच्या गाड्या लागतात. औषधवाल्याकडे सहा परदेशी हेल्मेटं आहेत आणि डोकं एकच. बँकेतला कॅशियर सायलेन्सर जमवतो. पलंगाखाली नऊ आहेत, तरी बायकोचा आवाज कमी होत नाही, असं तो म्हणतो. बायको म्हणते, सायलेन्सर आणले नसते तर आवाज चढलाच नसता. या मंडळींची एकमेकांची चेष्टा चालू असते, पण मीटरदादाच्या शौकापुढे सगळे एक होतात.

"दादा, आमची वस्तू निदान अंगावर तरी चढते," औषधवाला म्हणतो. "तुमचं मीटर ना गाडीवर, ना मनगटावर."

"तुझी सहाही हेल्मेटं एकदम घालून ये. मग बोलू," मीटरदादा भिंगातून डोळा न काढता म्हणतो.

हसतात तेही खोटं नाही. एका मीटरासाठी हा माणूस दिवसभर बसने गेला आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर चिंध्यांचं गाठोडं घेऊन परत आला. आत एकच मीटर होतं आणि त्याच्यापायी दोन महिन्यांची कमाई गेली होती. काकू, म्हणजे त्याची बायको, दारात उभी होती. तिने गाठोड्याकडे पाहिलं, वर स्वयंपाकघरावरच्या पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या डोक्यावर पत्रा, आणि यांच्या भिंतीवर पितळ."

तिचं काही चुकत नव्हतं. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली चूल न पेटवताही दूध नासतं. पावसाळ्यात ती जिथे जिथे ठिबकतं तिथे तिथे भांडी मांडते आणि ठिबकण्याच्या आवाजावरून कुठलं भांडं भरलं ते न बघता सांगते. तिला स्लॅब हवा होता. बावीस वर्षं हवा होता.

आता त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जुनी गाडी विकायची तर विकणारा आधी मीटरवाल्याकडे जातो. मीटर उघडायचं, आकड्यांच्या चकत्या मागे फिरवायच्या, साठ हजारांचे वीस हजार करायचे. पंधरा मिनिटांचं काम आणि दिवसभराच्या दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे. प्रत्येक गावातला मीटरवाला हे करतो. आमचा करत नाही. जुन्या गाड्यांचा एक दलाल दरवर्षी नव्याने येतो, खुर्ची ओढून बसतो आणि लाडात म्हणतो, "दादा, जरा वय कमी करा ना गाडीचं."

"केस काळे करणारा पलीकडच्या गल्लीत बसतो," मीटरदादा म्हणतो.

हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. अक्काने शिकवलं.

अक्का त्याची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात सुईण होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करायला तिला दवाखान्याने एक जड, काळी मोटरसायकल दिली होती. ती गाडी पुरुषांनासुद्धा दोन-दोनदा किक मारल्याशिवाय दाद देत नसे. अक्का पदर खोचून एका किकेत चालू करायची. प्रत्येक फेरी ती एका वहीत लिहायची: कुठल्या वस्तीवर, कुणाचं बाळंतपण, जाताना मीटरवर किती, येताना किती.

मीटरदादा तेव्हा बावीस वर्षांचा. नुकताच हात बसला होता आणि हाताला खाज सुटली होती. एकदा अक्काची गाडी दुरुस्तीला आली. याच्या मनात आलं, बहिणीला काहीतरी द्यावं. पैसे तर नव्हते, कसब होतं. याने मीटर उघडलं, तबकडी पुसली, काट्याला रंग दिला, आणि सगळे आकडे शून्यावर आणून ठेवले. अगदी कारखान्यातून निघाल्यासारखी गाडी. अशी भेट फक्त मीटरवालाच देऊ शकतो, आणि अशी चूकही फक्त तोच करू शकतो.

अक्का आली. गाडीवर बसली. खाली पाहिलं.

"माझे किलोमीटर कुठे आहेत?"

"अक्का, नवी केली तुझी गाडी!"

"नवी व्हायला कोण निघालं होतं रे?" ती खाली उतरली. वही काढून त्याच्यापुढे धरली. "एकेचाळीस हजार सहाशे सात. हा कालचा आकडा. यातली पावसातली किती, चिखलातली किती, ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. ठेव परत."

"पण अक्का, दिसायला..."

"ठेव. मी इथेच बसते."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. बाहेर बाजार चालू होता, आणि आत हा मुलगा खाली मान घालून एकेक चकती पुढे नेत होता. शेवटी खिडकीत सात आला, तेव्हाच ती उठली. जाताना त्याच्या डोक्यावर टपली मारून गेली. त्या दिवसापासून त्याने कुणाचा आकडा मागे नेलेला नाही.

अक्का निवृत्त झाली. दवाखान्याने गाडी भंगारात काढली. मीटरदादाला कळून तो धावत पोचेपर्यंत भंगारवाल्याने गाडी कापली होती. मीटर तेवढं बाजूला पडलं होतं. भंगारवाल्याने याचा चेहरा बघून भाव चढवला, आणि याने घासाघीस न करता दिला. अठ्ठ्याण्णव हजार चारशे बारा. भिंतीवरचं ते पहिलं मीटर. अक्का गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली. तिची वही वाळवीने खाल्ली. तिचा हिशेब सांगणारं दुसरं काही उरलं नाही.

गेल्या पावसाळ्यात पत्रा तीन ठिकाणी फाटला. एका सकाळी काकूने भांडी मांडली नाहीत. नुसती पाण्यात उभी राहिली. मीटरदादा दारात आला तेव्हा म्हणाली, "एक विका. एकच. भिंतीला कळणारसुद्धा नाही."

मीटरदादा पाण्यात उतरला. "बरं," तो म्हणाला. "पुढचं चांगलं गिऱ्हाईक ज्या मीटरावर बोट ठेवेल, ते दिलं. शब्द."

हा माणूस आकडा फिरवत नाही आणि शब्दही फिरवत नाही, हे काकूला ठाऊक होतं.

गिऱ्हाईक महिन्याभरातच आलं. रस्त्यांची कामं घेणारा एक मोठा कंत्राटदार. त्याच्याकडे काचेच्या दिवाणखान्यात तेवीस जुन्या मोटरसायकली उभ्या आहेत. वास येऊ नये म्हणून टाक्यांत पेट्रोल नाही, आणि टायर झिजू नयेत म्हणून गाड्या लाकडी चौथऱ्यांवर. आमचे शौकीन त्याला काचवाला म्हणतात. भर दुपारी त्याची मोटार दुकानासमोर उभी राहिली. तो आत आला, भिंतीवरून नजर फिरवली, आणि त्याचं बोट थेट स्वयंपाकघराच्या दाराशेजारी गेलं.

"ते. काळी तबकडी, पिवळट अक्षरं. एकच वर्ष निघालं होतं हे. माझ्या गाडीला हेच कमी आहे. दोन वर्षं शोधतोय."

त्याने रक्कम सांगितली. स्लॅब पडेल, वर भिंतीला गिलावा होईल आणि खिडकीला जाळीही बसेल एवढी. मीटरदादाने डोळ्याचं भिंग काढलं. बोट अक्काच्या मीटरावर होतं. त्याने मीटर खिळ्यावरून उतरवून टेबलावर ठेवलं आणि काकूकडे पाहिलं. शब्द तिला दिला होता. आता बोलायचं ते तिने.

काकू दारात कणकेच्या हातांनी उभी होती. तिने विचारलं, "नेऊन काय करणार याचं?"

"बसवणार की, ताई. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. गाडी अशी केलीय, वाटावं आजच कारखान्यातून निघाली. फक्त एक करा, मीटरदादा, आकडा शून्य करून द्या. तुमच्याएवढा साफ हात दुसऱ्या कुणाचा नाही. ओरखडा उठता कामा नये."

"आहे तो आकडा असू द्या," मीटरदादा म्हणाला.

"अहो, अठ्ठ्याण्णव हजार! म्हणजे झिजून गेलेली म्हातारी. आकड्याला काय किंमत आहे? किंमत तबकडीला."

काकूने हात पदराला पुसले आणि पुढे आली.

"यातले अकरा किलोमीटर माझे आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझी लेक आडवी आली होती. दवाखाना अकरा किलोमीटर. या गाडीवर, मागे, मी नणंदेच्या पाठीला मिठी मारून बसले होते. कळ आली की तिला चावायचे. ती म्हणायची, चाव, पण पकड सोडू नकोस. लेक आता स्वतः शिकवते शाळेत. तर मला सांगा, शून्य करताना माझे अकरा आधी काढणार, की नंतर?"

कंत्राटदार गोंधळला. ज्याला सगळं विकत घ्यायची सवय, तो गोंधळला की भाव वाढवतो. "दुप्पट देतो," तो म्हणाला.

मीटरदादाने पुन्हा काकूकडे पाहिलं. तिने मान हलवली. कुठल्या बाजूला, ते त्याला बरोबर कळलं.

"फुकट न्या," मीटरदादा म्हणाला.

"काय?"

"मी शब्द दिलाय, तुम्ही बोट ठेवलंय. फुकट न्या. अट एकच. गाडीला बसवा, पेट्रोल भरा आणि चालवा. आकडा पुढे जाईल तेवढा जाऊ द्या. मागे नाही."

"माझ्या गाड्या रस्त्यावर येत नाहीत. रंग खराब होतो."

"मग त्या गाड्या नाहीत, साहेब. फर्निचर आहे. फर्निचरला मीटर लागत नाही."

कंत्राटदाराचे कान लाल झाले. दारात पोचल्यावर तो वळून म्हणाला, "वेडे आहात तुम्ही दोघं!"

"दोघं म्हणालात ते बरं वाटलं," मीटरदादा म्हणाला. "इतकी वर्षं लोक मला एकट्यालाच म्हणत होते."

मोटार गेली. धूळ खाली बसली. मीटरदादा मीटर पुन्हा खिळ्याला लावायला उठला, तशी काकू म्हणाली, "थांबा. त्याला अट घातलीत ती शहाणपणाची. आपण कधी पाळली?"

"म्हणजे?"

"तो काचेत ठेवतो, तुम्ही खिळ्याला टांगता. फरक काय तो मला समजावून सांगा."

मीटरदादा मीटर तसंच हातात घेऊन बाहेर गेला, स्वतःच्या जुन्या गाडीसमोर उकिडवा बसला. अक्काच्या गाडीपेक्षा हलकी, नंतरच्या सालातली, पण त्याच कारखान्याची. चाकाचा घेर तोच, मीटर फिरवणारी तार तीच. गाडी विकायची नव्हती, म्हणजे कुणाला फसवायचंही नव्हतं. त्याने तिचं मीटर काढून अक्काच्या रिकाम्या खिळ्याला लावलं, आणि अक्काचं मीटर गाडीला बसवलं. तासभर लागला. तोवर काकूने कणीक झाकून ठेवली आणि चपला घातल्या.

"कुठे?" त्याने विचारलं.

"दवाखान्यापर्यंत. रस्ता मला पाठ आहे."

गाडी पहिल्या किकेला चालू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. टायरवाला आणि चष्मेवाला दारात येऊन बघत होते. तिसऱ्याला झाली. पिठाच्या गिरणीवरून, शाळेवरून गाडी पुढे गेली. काकू त्याच्या खांद्यावरून पुढे वाकून त्या बारीक खिडकीकडे बघत होती. पुलाच्या अलीकडे दोनचा आकडा वर सरकायला लागला. अर्धा दोन, अर्धा तीन.

"हळू करू का?" त्याने विचारलं. "नीट बघ."

"हळू नका करू," काकू म्हणाली. "तिने कधी केली नव्हती."

या गोष्टीला वर्ष झालं. स्वयंपाकघरावर अजून पत्राच आहे, पण नवा, आणि तो मीटरदादाने रविवारच्या शौकिनांना शिडीवर चढवून ठोकून घेतला. औषधवाल्याला प्रथमच हेल्मेटाचा खरा उपयोग झाला. आकडा आता नव्याण्णव हजारांच्या पुढे गेला आहे. परवा कॅशियरने बोटांवर हिशेब करून विचारलं, "दादा, अशा मीटराला पाचच घरं. आणखी आठशे किलोमीटर चालवलीत की सगळे आकडे आपोआप शून्य होणार. कंत्राटदाराला हवं होतं तेच. मग काय करणार?"

उत्तर आतून, पत्र्याखालून आलं.

"होऊ दे की शून्य. चालून चालून झालेलं असेल ते."