दोनशे मीटरचं घड्याळ

पोहण्याच्या तलावावर त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. तिथे शिकवणारे चार सर होते, म्हणून याला सगळे 'घड्याळवाले सर' म्हणत. सोमवारी सोनेरी, मंगळवारी निळ्या तबकडीचं, बुधवारी एवढं जाडजूड की बाही वर सरकत नसे. घरी कपाटात एक लांबट पेटी होती. तिच्यात मखमलीच्या चौदा उशा आणि प्रत्येक उशीला मिठी मारून बसलेलं एकेक घड्याळ. चौदाच्या चौदा फर्स्ट कॉपी. उड्डाणपुलाखाली सूटकेस उघडून उभा राहणारा एक जण होता, त्याच्याकडून घेतलेली. तबकडीवरची नावं मात्र अशी, की खरी घ्यायची झाली तर राहतं घर विकावं लागलं असतं.

बायको ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. ती म्हणायची, "अहो, आणखी सहा घ्या. म्हणजे रावणाची सोय होईल."

तो काही मनावर घेत नसे. हौसेला मोल नसतं, आणि फर्स्ट कॉपीला तर फारच कमी. कोणी मनगट धरून विचारलंच, "सर, खरं का हो हे?" तर तो हसून म्हणायचा, "मस्त आहे ना?" यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. एवढं एकच वाक्य त्याने कित्येक वर्षं पुरवलं होतं.

सकाळी सातला पन्नाशीपुढच्या बायकांची बॅच असायची. अकरा जणी. तलावावर सर्वांत जास्त आवाज त्यांचाच. त्यांत एक मावशी होत्या, बुटक्या आणि ठणठणीत. घड्याळाच्या कारखान्यात बाकावर बसून मशीन जोडण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पाण्यात उतरण्याआधी सर घड्याळ काढतात, रुमालात गुंडाळतात, मग टॉवेलात गुंडाळतात आणि मग कपाटात ठेवतात, हे त्या रोज पाहत होत्या. एक दिवस त्यांनी विचारलंच.

"सर, हे पाणबुड्यांचं घड्याळ ना?"

"हो तर! दोनशे मीटर. हे बघा, लिहिलंयसुद्धा."

"मग ते पाण्याला एवढं का भितं?"

अकराही जणी हसल्या. सरही हसले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यानंतर आठवडाभराने ती घटना घडली. निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई पाठीवर तरंगायला नुकत्याच शिकल्या होत्या. डोळे मिटून, हात पसरून त्या मजेत तरंगत होत्या आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी खोल बाजूला गेल्या. तिथे त्यांच्या पोटरीत गोळा आला. एकदा हात वर दिसला, एकदा टोपी दिसली, मग काहीच नाही. काठावर कोणीतरी किंचाळलं. घड्याळवाल्या सरांनी उडी मारली. चप्पल, शिट्टी, घड्याळ, सगळ्यासकट. तीन हातांत त्यांनी अंतर कापलं, बाईंना काखेतून धरलं आणि शिडीपर्यंत ओढत आणलं.

बाई खोकल्या, चांगली दोन मिनिटं खोकल्या. मग डोळे पुसून त्या पहिलं काय बोलल्या असतील? "सर, तुमचं घड्याळ!"

काचेच्या आतून धुकं धरलं होतं. सेकंदकाटा एकदा थरथरला आणि थांबला. धुक्यातून अक्षरं मात्र स्पष्ट दिसत होती. दोनशे मीटर.

"तलाव किती खोल आहे?" बाईंनी विचारलं. अंगाला टॉवेल गुंडाळलेला, ओठ अजून निळे, पण गणित काही सुटलेलं नव्हतं.

"नऊ फूट."

"म्हणजे पावणेतीन मीटर. दोनशेच्या दीड टक्कासुद्धा नाही." त्या हळहळल्या. "नापास केलं हो मी तुमच्या घड्याळाला."

दुसऱ्या दिवशी मावशी एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. बॅच संपल्यावर तिकीट खिडकीमागच्या टेबलावर त्यांनी पांढरा कागद पसरला, डोळ्याला लावायचं भिंग काढलं, बंद पडलेल्या घड्याळाचं मागचं झाकण एका चपट्या हत्याराने टक् करून उघडलं. सर शेजारी उभे होते. परीक्षेचा निकाल लागताना माणूस उभा राहतो तसे.

"बघा," त्यांनी भिंग पुढे केलं.

सरांना वाटलं होतं, आत चाकांचा दाटीवाटीचा संसार दिसेल. दिसलं ते निराळंच. केवढी ती जाड पोलादी डबी, आणि आत पांढऱ्या प्लास्टिकचं एक कडं. त्या कड्याच्या मध्यभागी नखाएवढं मशीन आणि ओला सेल. बाकी सगळी हवा. बडा घर, पोकळ वासा.

"आणि झाकणाखाली रबराची रिंग हवी. पाणी तीच अडवते," मावशी म्हणाल्या. "ती घालायला ते विसरले नाहीत बरं का. घालायचीच नव्हती. खाच कोरलीय, रिंग नाही."

"आणि तुमच्या कारखान्यात?"

मावशींनी भिंग खाली ठेवलं. "आमच्यात पाण्यात चालणारं घड्याळ टाकीत बुडवायचं आणि वरून दाब द्यायचा. एक बुडबुडा दिसला की परत पहिल्या बाकावर. मी एकदा एका दिवसात सतरा परत पाठवली होती. साहेब चिडला. म्हटलं, साहेब, चिडा. पण लिहिलंय ना त्यावर? मग ते पाळायला नको?"

सरांना लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, निदान पाच मिनिटं. पण त्यानंतर जे झालं त्याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांना भयंकर उत्सुकता लागली. आजवर आपण घड्याळाचा फक्त चेहराच पाहिला की! दाब म्हणजे किती दाब? रिंग किती वर्षांनी बदलायची? आणि साधं, खरं, पाण्यात टिकणारं घड्याळ आपल्यासारख्याला परवडतं का?

"न परवडायला काय झालं?" मावशी म्हणाल्या. "फक्त नाव मोठं नसेल."

घरी गेल्या गेल्या त्यांनी बायकोचं घड्याळ मागितलं. ती ते मनगटावर बांधत नसे, नर्सचं काम. छातीशी गणवेशाला उलटं टाचलेलं असे. अकरा वर्षं ते तिथे लटकत होतं आणि घड्याळांचा शौकीन म्हणवणाऱ्या नवऱ्याने त्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं. आता त्यांनी ते खिडकीशी नेलं, उलटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली. कंपनीचं नाव, नंबर, पाण्यात चालत असल्याची खूण.

"अगं, हे खरं आहे!"

"मग काय मी खोटं लावते?"

"तसं नाही गं. किती चुकतं हे?"

"वर्षातून दोनदा सेकंद जुळवते. याच्यावर मी पेशंटची नाडी मोजते, अहो. तुमच्या त्या चौदांपैकी एकाच्या तरी भरवशावर कोणाची नाडी मोजली असती मी?"

शनिवारी सकाळी दहाला घड्याळांच्या दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा सर बाहेर उभेच होते. दुकानदार चष्मा पुसत होता. महागडी घड्याळं काचेच्या कपाटात वर होती. सरांनी तिकडे मान वर करून पाहिलंही नाही. ते थेट खालच्या कप्प्यापुढे उकिडवे बसले.

"पोहताना चालेल असं. शिकवतो मी. रोज चार तास पाण्यात."

दुकानदाराने तीन काढली. त्यातलं एक काळ्या तबकडीचं, ठसठशीत आकड्यांचं, रबरी पट्ट्याचं. त्याची काचेभोवतीची कडी फिरवली की कट्, कट्, कट् असा आवाज येई आणि ती उलट दिशेला मुळीच जात नसे. सरांच्या घरी अशा कड्यांची पाच घड्याळं होती. त्यातल्या दोन कड्या चिकटवलेल्या होत्या आणि तीन पंख्यासारख्या गरगर फिरायच्या.

"उलटी का जात नाही ही?"

"पाणबुड्याला हवा किती उरली ते यावर कळतं. चुकून धक्का लागून कडी उलट फिरली तर उरलेला वेळ जास्त दिसेल, आणि माणूस जाईल जिवानिशी. म्हणून."

कडीलाही काही कारण असतं तर! सरांनी ती पुन्हा फिरवली, पुन्हा ऐकली. पुलाखालच्या सूटकेसवाल्याला त्यांनी जेवढे एका चांगल्या कॉपीचे दिले होते, त्याहून थोडेसेच जास्त पडले. घड्याळ हातात घालूनच ते बाहेर पडले आणि घरी जाण्याऐवजी सरळ तलावावर गेले.

सोमवारी सातच्या बॅचला खबर आधीच पोचली होती. अकराही जणी काठावर पाय सोडून बसलेल्या. सर उंच फळीवर चढले, हात वर करून घड्याळ दाखवलं, आणि शिट्टी न वाजवताच सूर मारला. तळाला जाऊन फरशीला हात लावला, तिथेच थोडं बसले. वर येऊन पाहतात तर काटा आपला चालला होता, टुक, टुक, टुक, जणू काही झालंच नाही. धुकं नाही, थेंब नाही. "चालू आहे!" ते ओरडले. बायकांनी पाण्यावर लाथा मारून एवढा गोंधळ केला की चौकीदार धावत आला. गणिताच्या बाईंनी उभं राहून पैकीच्या पैकी मार्क दिले.

एवढा आनंद झाला, पण एक काटा मनात रुतून होता. चार वर्षांपूर्वी सासरे निवृत्त झाले तेव्हा जावयाने त्यांना एक सोनेरी घड्याळ दिलं होतं. सासरेबुवांनी विचारलं, "खरं?" आणि जावई हसून म्हणाला होता, "मस्त आहे ना?" तेव्हापासून म्हातारा ते घालून फिरत होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.

"सांगून टाका," बायको म्हणाली. "बाबा ओरडतील. जेवायला मात्र वाढतील."

रविवारी ते सासुरवाडीला गेले. सासरेबुवा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. जावयाने एका दमात सगळं सांगितलं. झारी हातात तशीच राहिली, पाणी पायावर सांडत राहिलं.

"म्हणजे नकली?"

"हो, बाबा. चुकलं माझं."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

सासरेबुवांनी झारी ठेवली. "जावईबापू, तुम्ही मला फसवलंत ते एक वेळ चालेल. तुम्ही घरचे. पण मी शेजारच्या वकिलाला सांगितलंय की असं घड्याळ या गल्लीत दुसरं नाही! त्याच्यापुढे मी काय तोंड दाखवू?" ते दोन येरझाऱ्या घालून आले. "आणि मेलं रोज सात मिनिटं मागे पडतं. मला वाटायचं, मोठ्या कंपनीचं आहे, त्यांची पद्धत असेल."

जावयाला हसू आवरेना. सासरेबुवांनी डोळे वटारले, मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. "हसता काय? उठा. दुकान उघडं असेल का आत्ता?"

रविवार असूनही दुकान उघडं होतं. सासरेबुवांनी आठ घड्याळं हातात घालून पाहिली. एकाची काच नखाने वाजवली, दुसरं कानाला लावलं. दुकानदाराला त्यांनी एवढे प्रश्न विचारले की त्याने मधे चहा मागवला. जावईही मागे नव्हता. "बाबा, झाकण बघा, स्क्रूचं आहे," "बाबा, रिंग विचारा," असं त्याचं चाललेलं. शेवटी ठरलं ते पांढऱ्या तबकडीचं, चामडी पट्ट्याचं, वार आणि तारीख दाखवणारं. अंक एवढे मोठे की चष्म्याची गरज नाही. वरच्या कप्प्यातल्या कुठल्याही घड्याळाच्या किमतीत अशी डझनभर आली असती.

"पावती माझ्या नावाने करा," सासरे म्हणाले. "आणि ते दोन वर्षांचं गॅरंटी कार्ड, त्यावर शिक्का नीट उमटवा. अर्धवट नको."

शिक्का नीट उमटला. त्यांनी तो फुंकर घालून वाळवला.

पुढच्या बुधवारी तलावावर फोन आला. सर ओल्या हातानेच धावले. पलीकडे सासरेबुवा, आवाज सातव्या मजल्यावर.

"जावईबापू, वकिलाला कार्ड दाखवलं! घड्याळ नाही, आधी कार्ड! सगळं खरं सांगितलं त्याला, चार वर्षांचंसुद्धा. तो काय म्हणाला माहितीय? म्हणाला, माझंही बघा जरा. मी पलटून पाहिलं, तर मागे कंपनीच्या नावाचं स्पेलिंगच चुकलंय!" त्यांना धाप लागली होती. "शनिवारी त्याला घेऊन येतोय दुकानात. दहाला. तुम्ही या, आणि येताना त्या कारखान्याच्या मावशींना विचारा येतात का. वकील म्हणतो, जाणकार माणूस सोबत हवं."

सरांनी फोन ठेवला. मावशी पाण्यातच होत्या, चौथ्या लेनमध्ये. सर शिट्टी फुंकत काठाकाठाने तिकडे पळत सुटले.