गार दूध अन् डॉक्टरांची बोटं

थांबा, हे आत्ताच सांगते, न्हाईतर रडूच येईल! आत्ता हातातून दुधाची गार पिशवी पडून फुटली अन् त्या वासासरशी मी आठ वर्षांची होऊन नांदूरघाटच्या दवाखान्यात पोचले.

दुष्काळ होता. टँकरच्या रांगेत आईला ऊन लागलं. अंग नुसतं पेटलेलं, मला ओळखेना. आमचे डॉक्टर म्हणजे तबला वाजवणार, कबुतरं पाळणार, गावाचे रेडिओ दुरुस्त करणार. सलाईन लावून ते ओरडले, "अंग गार करा! पाणी न्हाई? मग दूध सोसायटीतलं गार दूध आणा!"

कंपाउंडर सलीमचाचा दचकले. "दुधानं पुसायचं, साहेब?"

"मग काय, चहा करता?"

आईला दुधात भिजवलेल्या धोतरात गुंडाळलं. डॉक्टर शेजारी बसले अन् टेबलावर बोटं वाजवायला लागले. मला लई राग आला. माझी आई मरायला लागली अन् यांना तबला सुचतोय!

लई वेळानं आई पुटपुटली, "माझा हंडा कुठंय?"

बोटं थांबली. डॉक्टरांनी हात खिशात घातले, तरी खिसा थरथरतच होता.

ते तबला वाजवतच नव्हते हो, भीतीनं थरथरणारी बोटं लपवत होते, हे मला आज कळलं! तुमच्यासमोरही कुणी असं भ्यालं होतं अन् तुम्हाला ते इतक्या वर्षांनी कळलं, असं झालंय का?