ऑर्गनमधल्या माश्यांची डिलिव्हरी

"साहेब, त्यो बाजा आपसूक गुनगुनतोय," सखाराम हमाल दारातूनच म्हणाला. "आन् त्याच्या म्होरं बायांनी नारळ फोडलाय."

मी तेव्हा दौंड स्टेशनवर पार्सल क्लार्क होतो. नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्यामुळे हमाल धावत आला की माझ्या पोटात आधी गोळा येई आणि मग काय झालं ते कळे; पोटदुखीचं औषध टेबलाच्या खणात कायम असे. त्या दिवशी तर दुपारच्या पॅसेंजरला तपासणीला निघालेल्या डिव्हिजनच्या मोठ्या साहेबांचं सलून लागून येणार होतं. सलून म्हणजे साहेब लोकांचा स्वतंत्र डबा. त्यातच त्यांचा बिछाना, टेबल आणि स्वयंपाकी. कंदिलाची काच काळी दिसली म्हणून या साहेबांनी एका माणसाला घरी बसवलं होतं, अशी त्यांची ख्याती.

बाजा म्हणजे ऑर्गन. पायानं भाता हलवायचा आणि हातानं पट्ट्या दाबायच्या, अशी ही कपाटाएवढी पेटी. सोलापूरच्या एका चर्चनं ती शिरूरच्या आमच्या चर्चला दिली होती. ईस्टर तोंडावर आला होता. पार्सल ऑफिस विड्याच्या पानांच्या करंड्यांनी भरलेलं, म्हणून स्टेशन मास्तर ढवळ्यांनी ऑर्गन बाहेर, कडुनिंबाखाली ठेवायला लावला होता. भोवती फळ्यांचा सांगाडा ठोकलेला होता.

मी जाऊन पाहिलं. फळ्यांच्या फटीतून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. मागच्या भोकावर त्यांचा मुठीएवढा झुबका लोंबत होता. आतून असा घुमारा येत होता की कोणी तरी एकच सूर धरून बसलंय असं वाटावं. फलटणकडच्या दोन बाया समोर उदबत्ती लावून बसल्या होत्या.

"कुनाचा देव हाय वो ह्यो?" त्यातल्या एकीनं विचारलं.

"देव नाही, बाई. पार्सल आहे."

"आसंल. पर बोलतोय."

ढवळे मास्तर आले. काळी टोपी, कानात अत्तराचा फाया, आणि सगळे रेल्वेचे नियम तोंडपाठ. त्यांनी लांबूनच चष्मा सावरला.

"साळवे, बुकिंग कशाचं आहे?"

"एक ऑर्गन, लाकडी."

"माश्यांचा उल्लेख?"

"नाही, साहेब."

"मग हा जादा माल झाला. त्यातून जिवंत. जिवंत माल वेगळा बुक करावा लागतो. सोबत राखणदार लागतो."

"मास्तर, त्या सोलापूरहून आल्या नाहीत. इथंच बसल्या."

"म्हणजे दौंडहून बुक करायच्या," असं म्हणून मास्तर विचारात पडले. शेवटी त्यांनी कंट्रोलला, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या वरच्या ऑफिसला, तार केली: ऑर्गनमध्ये मधमाश्या आहेत, काय करावं? थोड्या वेळानं उत्तर आलं: किती?

मास्तर मला म्हणाले, "मोजता येतील का?"

तेवढ्यात शिरूरहून आमचे पाळकसाहेब कांद्याचा ट्रक घेऊन ऑर्गन न्यायला आले. रेव्हरंड शिंगाडे. साठी उलटलेले, डोक्याला फेटा, अंगात पांढरा कोट. मिशनच्या आवारातच मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे मी त्यांना आबाच म्हणायचो. मला हायसं वाटलं. त्यांनी सही केली की माल त्यांचा, माश्या त्यांच्या, आणि साहेब यायच्या आत कडुनिंबाखालची जागा मोकळी.

पण ट्रकवाला बाळू ऑर्गनकडे एक नजर टाकून परत आपल्या सीटवर चढून बसला.

"म्या न्हाई नेनार. घाटात चावल्या तर ट्रक कुठं जाईल?"

"दौंड ते शिरूर घाट कुठं आहे रे?" मी म्हणालो.

"घाट नसू द्या. माश्या हायेत न्हवं?"

आबांनीही 'ऑर्गन, माश्यांसह' असा मी लिहिलेला डिलिव्हरीचा कागद हळूच परत दिला. "दाविद, मी ऑर्गनची सही करीन. माश्या माझ्या म्हणून खोटी सही कशी करू?"

मग आम्ही उपाय सुरू केले. सखाराम म्हणाला, धूर करू. आबा म्हणाले, आत कातड्याचा भाता आहे, वाळकं लाकूड आहे, विस्तव जवळ आणू नका. मास्तर म्हणाले, पाणी मारा. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो विषय लगेच सोडला. कोणीतरी सांगितलं, पत्र्याचा डबा बडवला की माश्या उठतात. सखारामानं डबा बडवला. आकाशात फिरणारी आणखी एक झुंड तो आवाज ऐकून खाली आली आणि तीही आत शिरली. बायांनी दुसरा नारळ फोडला.

घरी बायको बाळंतपणाला टेकलेली. नोकरी गेली तर परत मिशनच्या आवारात कोणत्या तोंडानं जायचं? मी ऑर्गनपासून ऑफिसपर्यंत आणि ऑफिसपासून ऑर्गनपर्यंत येरझाऱ्या घालायला लागलो. चिंता देवावर टाक, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण टाकायची कशी, ते कोणी दाखवलं नव्हतं. मी टाकायचो आणि लगेच परत उचलून घ्यायचो.

"आबा, तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"वाटते की. सगळी मंडळी ईस्टरची वाट बघतायत. सकाळपासून घास उतरला नाही." ते माझा हात धरून म्हणाले, "पण काळजी वाटणं वेगळं आणि काळजी वाहणं वेगळं. वाटते ती आपल्याला. वाहणारा दुसरा आहे. चल, त्याला सांगू."

"इथं? प्लॅटफॉर्मवर?"

"माश्या इथं आहेत ना?"

मग आम्ही ऑर्गनसमोर उभे राहिलो. मास्तरांनी टोपी काढावी का ठेवावी हे न कळून ती हातात धरली आणि पुन्हा घातली. सखारामानं हात जोडले. बाळू ट्रकमधून उतरला नाही, पण त्यानं इंजिन बंद केलं. आबांची प्रार्थना लांबलचक. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, रूळ बदलणारे सांधेवाले, सगळ्यांसाठी ते मागत गेले. मग माश्यांवर आले. "प्रभू, ह्याही तुझ्याच. त्यांनाही घर पाहिजे. पण हे घर तुझ्या स्तुतीसाठी बांधलंय. त्यांना दुसरं दे." मधेच थांबून ते म्हणाले, "दाविद, डोळे मीट."

"आबा, मी ड्यूटीवर आहे."

"बरं. एक डोळा देवाला दे, एक रेल्वेला." आणि पुढं म्हणाले, "ह्या पोराच्या पोटातली भीती काढून घे. त्याला ती पेलत नाही."

मी दोन्ही डोळे मिटले. आमेन झालं. मास्तरांचं आमेन सगळ्यांच्या नंतर आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

डोळे उघडले. माश्या होत्या तिथंच होत्या. घुमारा तसाच. काहीही झालं नव्हतं. एकच गोष्ट झाली, ती मला अजून आठवते. मला भूक लागली. साहेबांचं नाव ऐकल्यापासून अन्नाकडे बघवत नव्हतं, आणि आता एकदम कडकडून भूक. मी डब्यातून भाकरी आणि झुणका आणला, अर्धी आबांना दिली, आणि आम्ही दोघं त्या गुणगुणत्या पेटीशेजारी रिकाम्या करंड्यांवर बसून जेवलो.

"साळवे, गाडीचा सिग्नल पडला!" मास्तर ओरडले. "आणि तुम्ही जेवताय?"

"हो, मास्तर. हात धुतो आणि येतो."

माझंच उत्तर मला परक्या माणसाचं वाटलं.

गाडी आली. दौंडला इंजिन पाणी घेई, त्यामुळे गाडी बराच वेळ थांबायची. सलून शेवटी जोडलेलं, ते बरोबर पार्सल ऑफिससमोर येऊन उभं राहिलं. तेवढ्यात आबा उठले. पुढच्या चार फळ्या काढायला सांगितल्या, फेटा तोंडाभोवती गुंडाळला, देवाचं नाव घेतलं आणि ऑर्गनचा भाता पायानं मारून दोन्ही हातांनी सगळ्या पट्ट्या दाबल्या.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. बाया उठून पळाल्या. ऑर्गनच्या मागच्या भोकातून माश्यांचा लोट धुरासारखा निघाला, कडुनिंबाला वळसा घालून सलूनच्या दारावर जाऊन बसला. पितळी मूठ दिसेनाशी झाली.

मास्तर मटकन बाकावर बसले. "गेलो, साळवे. दोघंही गेलो."

मी आत भीती शोधून पाहिली. सापडली नाही. मी पुढं होऊन खिडकीपाशी गेलो. आत मोठे साहेब काच गच्च लावून उभे होते.

"काय आहे हे?" ते काचेआडून ओरडले.

"मधमाश्या, साहेब."

"कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीत. आमच्या एका पार्सलमध्ये शिरल्या होत्या. आम्ही प्रार्थना केली, मग ऑर्गन वाजवला, त्या निघाल्या."

"काय केली?"

"प्रार्थना, साहेब!"

साहेबांनी कानाला हात लावला. मी हात जोडून, डोळे मिटून दाखवलं. त्यांनी दारावरच्या माश्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणखी एकदा करायला सांगा!"

आबांनी केली. काचेआड साहेबांनी दोन्ही डोळे मिटून हात जोडले. माश्या हलल्या नाहीत. मग तपासणी तशीच झाली. मी एकेक पुस्तक काचेला लावून धरायचो, साहेब मान डोलवायचे. कंदील दाखवला, तराजू दाखवला, पानांचे करंडे उचलून दाखवले. गाडीची वेळ झाली. गार्डनं शिट्टी मारली आणि सलून माश्यांसकट पुण्याकडे निघालं.

पुढच्या पाटस स्टेशनहून तार आली: सलूनवर माश्या, बुकिंग कोणाचं? ढवळे मास्तरांनी बराच विचार करून उत्तर पाठवलं: स्वतःहून चढल्या.

आबांनी सही केली. आता बाळूची हरकत नव्हती, उलट ऑर्गन त्यानंच दोरानं नीट आवळून बांधला. ईस्टरला मी रजा टाकून शिरूरला गेलो. ऑर्गन उत्तम वाजला. फक्त खालच्या एका पट्टीत मेण अडकलं होतं, ती दाबली की आवाजाच्या मागून बारीक गुणगुण यायची. आबांनी ती कधी दुरुस्त करून घेतली नाही.

पुढं साहेबांचा शेरा आला: 'स्टेशन जेवढं दिसलं तेवढं स्वच्छ. पार्सल क्लार्क शांत डोक्याचा, कायम करावा.' मास्तरांनी तो मोठ्यानं वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"साळवे, हे नक्की तुमच्याबद्दलच आहे ना?"

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी रेल्वेतच होतो. काळजी पुढंही पुष्कळ वेळा वाटली. फरक एवढाच पडला की पूर्वी मी आधी नियम बघायचो, मग काळजी करायचो आणि काही उरलं तर देवाला सांगायचो. नंतर मी आधी देवाला सांगायला लागलो आणि मग नियम बघायचो. कामं पूर्वीइतकीच झाली. पण पोटदुखीचं औषध सुटलं.