बोगरा

साबणाच्या कारखान्यात सगळे त्यांना नाकमामा म्हणत. सव्वीस वर्षं वासांच्या खोलीत काढलेला माणूस. खोलीत त्रेचाळीस बाटल्या, पण एकीवर चिठ्ठी असेल तर शपथ. "चिठ्ठ्या लागतात त्या नाक नसलेल्यांना," म्हणत मामा बूच काढायचे, हुंगायचे, आणि हवी तीच बाटली हातात असायची.

तर अशा माणसाला सर्दी झाली. दोन्ही नाकपुड्यांना कुलूप. हे बाहेर फुटलं तर रवानगी थेट खोकी चिकटवायला, हे मामांना पक्कं ठाऊक. तोंड उघडलं की 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' व्हायचा, म्हणून तीन दिवस त्यांनी नुसती मान डोलावली. लोकांना वाटलं, मामा वयानं पोक्त झाले.

तिसऱ्या दिवशी वीस लिटर मोगरा करायचा होता. मोगऱ्यात इंडोल लागतं. मोठा इरसाल पदार्थ. पांढरे चकचकीत पापुद्रे. उजेडात ठेवले की लाजल्यासारखे तांबूस होतात. किंचित घातलं तर फूल, हात सैल सुटला तर संडास. दोन्हीकडे मुळातच असतं ते; प्रमाणाचा काय तो फरक. मामांकडे ते स्पिरिटात विरघळवून दोन बाटल्यांत भरलेलं : एक पातळ, एक दहापट कडक. दिसायला जुळ्या बहिणी.

मामांनी दोन्ही हुंगल्या. दोघीही गप्प. मग त्यांनी देवाचं नाव घेऊन डावी ओतली.

पाच मिनिटांत कारखाना रिकामा. प्लंबर धावत आला, अंगणातल्या गटाराचं झाकण उचलून त्यानं आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडला, "अहो, इथं तर मोकळी हवा आहे!"

मालकीणबाई नाकाला रुमाल लावून वासांच्या खोलीत शिरल्या. मामा शांतपणे ढवळत होते.

"मामा, हे काय शिजवताय?"

मामांनी मान डोलावली.

"मान नको. तोंड हलवा."

"बोगरा."

"काय?"

"अस्सल बोगरा, बॅडब."

बाईंनी कपाळाला हात लावला. "कधीपासून चोंदलंय?"

"तीद दिवस." मामांचे डोळे भरले. "बला खोक्यांत टाकू दका."

"टाकणार होते. पण हे वीस लिटर कुठं टाकू, ते आधी सांगा."

मामांनी बोटांवर हिशेब केला. "इंडोल दहापट गेलं दा? बग बाकीचं सगळंही दहापट घालतो!"

मोठ्या टाकीत ढवळाढवळ सुरू झाली. हुंगायला प्लंबर. आधी तो "गटार", मग "जुनं गटार", मग "गटाराशेजारी बाग" म्हणाला. संध्याकाळी त्यानं डोळे मिटले. "मामा... फूल!"

दोनशे लिटर. वर्षभराची बेगमी. बाईंनी मामांची खोली त्यांनाच ठेवली, मात्र अट घातली : प्लंबर हुंगून सांगेल, मामा त्रेचाळीस चिठ्ठ्या लिहितील.

लिहिल्या बिचाऱ्यांनी. उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या खिशात घालून, अंगात मुरलेल्या इंडोलसकट घरी आले. मामींनी दार उघडलं आणि तीन पावलं मागं सरकल्या.

"अहो! पडलात कुठं?"

मामांनी सगळी कहाणी सांगितली. मामींनी लांबूनच हात लांबवून त्यांच्या खिशातली एक चिठ्ठी काढली, काहीतरी खरडलं, ती त्यांच्या छातीवर चिकटवली आणि न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

मामांनी मान वाकवून वाचलं : 'पातळ करूनच घरात घ्यावे.'