इंदूनं निवळलेलं पाणी

इंदू कुणाला रामराम घालायची नाही. आधी पाणी बघायची. कमरेला खोचलेली औषधाची जुनी काचेची बाटली काढायची, पाण्यात बुडवून भरायची, उन्हाकडं धरायची आणि त्याच बाटलीतून समोरच्या माणसाकडं बघत बोलायला लागायची. मी तिला पहिल्यांदा बघितली ती अशीच. बाटलीत हिरवं पाणी आणि त्याच्या पलीकडं एक मोठा झालेला डोळा.

"मामा, वॉचमन तुम्हीच का?"

"व्हय."

"मग दोन वर्षं राखण कशाची केली? बेडकांची?"

मी तेव्हा सत्तरीला आलेला. शाळा चौथीपर्यंत, पुढं मेंढरं, मेंढरं विकल्यावर दुसऱ्याच्या शेतावर काम, आणि म्हातारपणी निमोण्याच्या बाहेर पाटाच्या कडेला पुण्याच्या एका साहेबांचा बंगला आहे, त्याची राखण. गावात मला आबा म्हणतात आणि उभं राहून म्हणतात. माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "हौद बघायला आलीस का माझं तोंड?"

"दोन्हीला सारखंच शेवाळ हाय," ती म्हणाली आणि बाटली ओतून दिली.

हौद म्हणजे बंगल्याच्या मागचा स्विमिंग पूल. साहेब त्याला पूल म्हणायचे, आम्ही दोघं हौद. साहेब दोन वर्षं फिरकले नव्हते. निलगिरीचा पाला पडून पडून पाणी काळपट हिरवं झालं होतं, एका कोपऱ्यात मांजर फुगून तरंगत होतं. फोनवर मी 'सगळं ठीक हाय साहेब' म्हणत राहिलो. मग साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि हळद हौदाच्या काठावर करायची असं पोरीनंच ठरवलं. तीन आठवडे हातात. साहेब येऊन बघून गेले. चार दिवसांनी त्यांनी कुणाकडून तरी इंदूला शोधून आणली.

दौंडकडं एका कारखान्यात पाणी साफ करायच्या टाक्या होत्या, त्यावर तिनं अठरा वर्षं कंत्राटावर काम केलं होतं. कंत्राट सुटलं, त्याच्या आधी नवरा सुटला. कवठे येमाईला भावाच्या गोठ्याला लागून पत्र्याचं छप्पर घातलं होतं, त्यात राहायची. "भावजय वाढती तवा तव्याकडं बघती, माझ्याकडं न्हाई," असं ती सांगायची आणि हसायची.

साहेबांनी माझ्यासमोर तिला शब्द दिला. हौद निळा झाला, हळद नीट पार पडली, की मागची खोली तुमची, हौद सांभाळायचं काम कायमचं तुमचं. ती खोली म्हणजे दहा बाय दहा, एक बल्ब, एक नळ. इंदू पहिल्या दिवशी तीन वेळा ती बघून आली. तिसऱ्यांदा मी विचारलं, काय बघतीस एवढं?

"आतनं कडी हाय का ते बघत होते," ती म्हणाली. "हाय. लागती पण."

कामाला लागली की तिला दया नव्हती. जाळीनं पाला काढला, मांजर काढलं, भिंती घासायला मला उतरवलं. मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर बादलीत कालवून संध्याकाळी चारी बाजूंनी ओतली. सकाळी शे-दीडशे बेडूक पांढरी पोटं वर करून पडलेले. तिनं पाटीत भरले आणि पाटाच्या भरावापलीकडं ओतून आली.

"बिचारी जित्राबं," मी म्हणालो.

"हळद बेडकांची न्हाई मामा. सायबाच्या पोरीची हाय."

हाताला फडकं बांधायची नाही. पावडरीनं तिची नखं पांढरी पडली होती, बोटांना चिरा. दुखतं का विचारलं तर म्हणायची, "पाण्याचं दुखणं कोण विचारतं?" गडबड केलेली तिला चालत नसे. मी फिल्टरची मोटार लवकर चालू केली की ओरडायची. "तुरटी टाकली की मोटार बंद. सासू आन् सून एकदम बोलाय लागल्या तर घरात काय बसंल का? मग गाळ कसा बसंल?" तिचं बोलणं असं, ऐकताना हसू येई आणि घरी जाऊन आठवलं की राग येई. साठ पावलांवरून ती सांगायची, मामा, तुमचा ब्रश भिंतीला लागत न्हाई, भिंतीला नुसता सांगावा देतोय.

मला तिचा राग होता, हे लपवत नाही. माझ्या बापानं या पट्ट्यातल्या अकरा विहिरी उपसल्या. गाळ कसा काढायचा हे मी आईच्या पोटातच शिकून आलो. विहीर साफ करायची तर आधी कोरडी करायची, तळाला उतरायचं, पाटीनं गाळ वर द्यायचा. ही बाई मात्र हौद भरलेला ठेवून वरवर औषधं टाकत बसलेली. आठवडा झाला तरी पाणी हिरव्याचं राखाडी, एवढंच.

मग भावाचा निरोप आला. भावजय अंथरुणाला खिळली, धारा काढायला कुणी नाही, दोन दिवस ये. जाताना ती मला म्हणाली, "हौदाला हात लावू नका. पाट चालू हाय. रिकामा करायचा न्हाई."

"उपशाबिगर कवा काय साफ झालंय?"

"ही विहीर न्हाई मामा, टाकी हाय. पाट चालू असला की जमिनीखालचं पाणी वर चढतं, खालनं तळाला ढकलतं. वरच्या पाण्याचं वजन हाय म्हणून तळ दबून बसलाय. वजन काढलं की वर येतोय."

"भावाच्या गोठ्यात राहतीस आन् मला पाणी शिकवतीस?"

"गोठ्यात राहते म्हणून शेण लांबनं वळखू येतं मला," म्हणाली आणि गेली.

त्याच दुपारी मी शेजारच्या वस्तीवरून डिझेल इंजिन आणलं आणि हौद उपसायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोल बाजूला गुडघाभर पाणी उरलं होतं. गाळ दिसायला लागला, मला बरं वाटलं. पाटी घेऊन उतरणार तेवढ्यात फरशा तडकल्याचा आवाज आला, लाकूड फुटावं तसा. बघतो तर तळ वर येत होता. तव्यावरची भाकरी फुगते तसा, सावकाश. मधून एक चीर गेली आणि तिच्यातून स्वच्छ, गार पाणी उकळी फुटल्यासारखं वर आलं. मी काठावर बसून राहिलो. इंजिन बंद करायचं सुद्धा सुचलं नाही.

इंदू संध्याकाळी येणार होती, दुपारीच आली. तिनं इंजिन बंद केलं. माझ्याकडं बघितलं नाही, एक शिवी दिली नाही. "पाणी सोडा," म्हणाली. "बोअरचं, पाटाचं, मिळंल ते. आत्ता." हौद भरत आला तसा तळ खाली बसला, पण पुरता नाही. पोळपाटाएवढा उंचवटा आणि हातभर चीर राहिली ती राहिलीच. पाटाचं गढूळ पाणी वर चढलं आणि ते झाकलं गेलं.

हळदीला नऊ दिवस होते. तिनं सगळं पहिल्यापासून सुरू केलं. फिल्टरची वाळू काढून धुतली, पावडर, तुरटी, पाइपनं गाळ ओढून बाहेर. पाणी ताकासारखं झालं, मग ताकावरच्या निवळीसारखं. चार दिवस राहिले असताना पहिली पायरी दिसली, मग दुसरी. बंगल्यात मी तिला पहिल्यांदाच हाताला धरून बाजूला घेतली.

"इंदू, एवढं पुरं. निळं दिसतंय वरनं. तळ दिसला न्हाई तरी चालतंय."

"तळ दिसला न्हाई तर त्याला साफ म्हणत न्हाईत."

"तळ दिसला तर ती चीरबी दिसंल."

"दिसू द्या."

"तुझी खोली जाईल."

"माझी का जाईल?" ती म्हणाली. "उपसा मी केला का? तुम्ही सायबाला सांगा. म्हातारं माणूस, चुकलं. काढणार न्हाईत ते तुम्हाला."

"आन् काढलं तर? सत्तरीत मला कोण ठेवणार?"

तिनं हात सोडवून घेतला. "मला पाणी गढूळ ठेवता येत न्हाई मामा. अठरा वर्षं कुणी शिकवलंच न्हाई. तुम्ही तोंडानं काय करायचं ते तुम्ही बघा."

शेवटच्या रात्री तिनं तुरटी टाकली आणि सकाळपर्यंत मोटारीला हात लावू दिला नाही. सकाळी गाळ ओढून घेतला. मी खोटं बोलणार नाही, तसं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. खोल बाजूला आठ फुटांवर फरशीच्या सांध्यातली सिमेंटची रेघ दिसत होती. आणि मधोमध तो उंचवटा, ती चीर, कागदावर काढल्यासारखी.

साहेब दहाला आले. आधी हसले. मग काठावर वाकून बघत राहिले.

"तळाला काय झालं? रिकामा केला होता का हा? बाई?"

"व्हय, झाला होता," इंदू म्हणाली.

"तुम्ही तर अठरा वर्षांचा अनुभव सांगितलात."

ती माझ्याकडं वळली. "मामांना इचारा. ते हितंच होते."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. इंदू बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट बघत होती, तुरटी टाकून बसल्यासारखी. मी म्हणालो, "मी गेटावर असतो साहेब. मागचं मला काय ठाऊक."

एवढंच बोललो. वस्तीवरचं इंजिन, पाटापर्यंत ओढलेले पाइपाचे वळ, सगळं दाखवता आलं असतं तिला. दाखवलं नाही. साहेबांनी खोलीचा शब्द तिथंच मागं घेतला. तिचं गाठोडं खोलीच्या दारात होतंच, आत नेलं नव्हतं. गेटावर मी कडी काढून दिली. जाताना म्हणाली, "पावडर सांजच्याला टाका. सकाळी टाकली तर ऊन खाऊन टाकतं."

हळद झाली. पाहुण्यांनी पाण्याचे फोटो काढले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आमच्या आबांनी सांभाळलंय. मी मान हलवली. दोन महिन्यांत हौद परत हिरवा झाला.

इंदू आता नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पत्र्याखाली ती तापानं गेली, मला ते बाजारात कळलं. गावात अजून म्हणतात की आबांनी हौद काचेसारखा केला होता. केला होता तो तिनं. फोडला होता तो मी. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही, इथं लिहितो आहे.

ती असताना मी एकदाच कवठ्याला गेलो होतो. पाणी हिरवं झालं तेव्हा. माफी मागायला नाही, पावडरीचं माप विचारायला. एसटी चुकली म्हणून निम्म्या वाटेपासून चालत, भर उन्हात. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. "बसा मामा," म्हणाली. मी विचारलं, तिनं सगळं सांगितलं. पावडर किती, तुरटी किती, वाळू कधी धुवायची, कुठल्या पाण्याला काय लागतं. मी विसरेन म्हणून दोनदा सांगितलं. एक टोमणा मारला नाही, ते मला जास्त लागलं.

माझ्या जिभेला कोरड पडली होती. ओट्याच्या कोपऱ्यात माठ होता, त्यावर तांब्या पालथा घातलेला. आपल्याकडं दारात भिकारी आला तरी आधी पाणी विचारतात. अर्धा तास मी तिथं बसलो. ती ज्वारी निवडत राहिली, मी माठाकडं बघत राहिलो.

मागितलं असतं तर तिनं दिलं असतं. ते मला माहीत होतं. मी उठलो आणि तसाच उन्हात चालायला लागलो.