दाइजोबू

समुद्रकिनाऱ्यावर मोटेल चालवायचं खूळ नवऱ्याचं. न्यूझीलंडला आम्ही दोघं शिकायला आलो, नोकऱ्या केल्या आणि साठवलेलं सगळं या आठ खोल्यांत घातलं. पुढे गिऱ्हाईक आटत गेलं. मागच्या उन्हाळ्यात ऑकलंडच्या एका एजंटबाईंनी जपानी मंडळींचा गट पाठवला. खूश झाले तर दरवर्षी आमच्याकडे येणार, नाहीतर फिजीला किंवा ऑस्ट्रेलियाला. मोटेल राहणार की जाणार, ते या गटावर होतं.

मंडळी भारी नीटनेटकी. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपलासुद्धा दाराबाहेर ओळीत लावायची. नवरा रोज सकाळी एकेकाला गाठून विचारायचा, "एव्हरीथिंग ओके?" ते किंचित वाकून, हसून म्हणायचे, "दाइजोबू."

"बघ," नवरा मला म्हणायचा, "दाइजोबू म्हणजे एकदम झकास. इथल्या भाषेत, स्वीट ॲज."

मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, पण तो सूर ओळखीचा होता. लग्नानंतर सासूबाई माझ्या हातची आमटी चाखून याच सुरात 'चालेल' म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी आमटी स्वतः करायच्या. एक वयस्कर बाई समुद्रातून कुडकुडत आल्या, त्यांनी बाथरूममध्ये टब शोधला. तिथे नुसता शॉवर. त्याही दाइजोबूच म्हणाल्या. टब एकवेळ बसवला असता, पण समुद्र कसा तापवणार होतो?

गट गेल्यावर एजंटबाईंचा फोन आला. तक्रार एकही नव्हती, पण पुढच्या वर्षी मंडळी फिजीला जाणार होती. तिथलं पाणी उबदार असतं. ऑस्ट्रेलियाच्या हॉटेलांत काउंटरवर जपानी बोलणारं माणूस असतं, हेही त्यांनी ऐकवलं. आमच्या काउंटरवर आम्ही होतो.

नवरा दिवसभर रिकाम्या खोल्या झाडत राहिला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. इतकी वर्षं पाण्यात गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं. संध्याकाळी तो म्हणाला, "विकून टाकू. ऑकलंडला, मनुरेवाच्या वेअरहाऊसमध्ये हीप्स ऑफ जॉब्स आहेत, दोघांनाही मिळतील. तिथेच एखादं छोटं युनिट भाड्याने घेऊ. चालेल ना तुला?"

मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

"चालेल," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला. त्याचा चेहरा सैलावला आणि तो बाहेरच्या उन्हाच्या छत्र्या मिटायला गेला.