भिंतीवर टांगलेली जमीन

कुठल्याही इमारतीत शिरल्या की बाई आधी टाच आपटायच्या. मान तिरकी करून आवाज ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, "पोकळ!" कॅनडात, वॉटर्लूतल्या आमच्या ऑफिसची लॉबी पोकळ, गणपतीसाठी घेतलेला कम्युनिटी सेंटरचा हॉल पोकळ. आमच्या नव्या टाउनहाउसच्या किचनमध्येही त्यांनी टाच आपटली. त्या दिवशी बायकोने त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

बाई मूळच्या नागपूरच्या. पुण्यात पुरातत्त्व शिकल्या, मग भूमध्य समुद्राकाठच्या पडक्या, प्राचीन चर्चमधल्या मोझेकच्या जमिनी दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. उतारवयात इथल्या एका संग्रहालयात कंत्राटावर आल्या. तिथल्या वस्तूंची थ्रीडी मॉडेल्स करायचं काम आमच्या कंपनीकडे होतं, म्हणून आमची गाठ पडली.

आमचं दोघांचं काम मात्र एकाच वस्तूवर होतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका चर्चच्या जमिनीचा मोठा तुकडा. द्राक्षवेलीच्या वेटोळ्यात बसलेला तितर.

"सुंदर चित्र आहे," मी म्हणालो.

"चित्र?" बाई उसळल्या. "अरे, जमीन आहे ही! लोक चालले हिच्यावर, गुडघे टेकले. तू चित्र काय म्हणून राहिला?"

पुढच्या शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. बेसमेंटमध्ये एका खोल लाकडी खोक्यात त्यांनी जमीन रचायला घेतली होती. तळाशी मुठीएवढे दगड, उभे ठासलेले. त्यावर चुना आणि खडी. त्यावर चुना आणि विटांचा चुरा. सगळ्यात वर बारीक चुन्याचा पातळ थर. तो ओला असताना त्यावर रंगाने आकृती काढायची आणि दगडाचे छोटे चौकोनी तुकडे एकेक करून दाबत जायचं. चुना आवळायच्या आत जेवढं बसवून होईल, तेवढाच थर पसरायचा. मी वेलीचं एक पान करायला बसलो. ते अर्ध्यावर असतानाच चुना घट्ट झाला.

"राहू दे आता," बाई म्हणाल्या. "जन्मभर असंच राहील ते, अर्धं."

मग संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी मला त्या जुन्या जमिनीतली एक जागा दाखवली. वेल दोन्ही बाजूंनी येत होती आणि मध्ये एक पान चेपून, कसंबसं कोंबून बसवलेलं होतं. दोन कारागीर दोन टोकांनी निघाले असणार आणि मध्ये त्यांचा हिशेब चुकला असणार. "भांडले असतील रे इथे," असं म्हणून बाई त्या पानावर बोट ठेवून खळखळून हसल्या. त्यांना असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

त्यांचा राग होता तो सिमेंटवर. आमच्या या तुकड्याचं असं झालं होतं: फार पूर्वी कुणीतरी तितराच्या दर्शनी बाजूवर सरस लावून कापड चिकटवलं, खालून जमीन कापली, चुन्याचे सगळे थर तिथेच टाकून दिले आणि वरचे दगड सिमेंटमध्ये बसवले. मजबुतीसाठी आत लोखंडी सळ्या घातल्या. सळ्या गंजल्या, फुगल्या, सिमेंट तडकायला लागलं.

"चामडी सोलली आणि दगडाला चिकटवली," बाई म्हणायच्या. त्यांच्या मते इलाज एकच होता. तुकडा पालथा घालायचा, मागचं सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायचं, सळ्या काढायच्या आणि पुन्हा चुन्यावर बसवायचं. वेळखाऊ काम. संग्रहालयाच्या संचालकांना मात्र नव्या दालनाच्या उद्घाटनाची घाई होती. भेगांमध्ये रेझिनचा चिकट रस भरून तुकडा प्रवेशाशीच भिंतीवर उभा टांगायचा, असं त्यांनी ठरवलं.

त्या मीटिंगला मी होतो. बाई बोलत होत्या आणि संचालक मान डोलवत होते. "वुई हिअर यू," ते म्हणाले. "दॅट्स अ ग्रेट पॉइंट."

"ऐकू येतं तर करत का नाही?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. टेबलाभोवती सगळे गोड हसले. तुम्ही इथल्या ऑफिसांत काम केलं असेल, तर ते हसू तुम्हाला माहीत आहे. त्या हसण्याला दरवाजा नसतो. नुसती भिंत.

त्यानंतरच्या सोमवारी मी कॉफी घेऊन पोहोचलो, तर बाई वर्कशॉपच्या बाहेर बर्फात उभ्या होत्या. त्या कार्ड लावत होत्या आणि दाराचा दिवा लाल होत होता. पुन्हा लावत होत्या. कंत्राट वाढवणार नाही, हे सांगायची हिंमत कुणाला झाली नव्हती. ते काम दारावर सोपवलं होतं. थोड्या वेळाने रिसेप्शनची मुलगी त्यांच्या छिन्न्या आणि हातोड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घेऊन आली. "सो सॉरी," ती म्हणाली. त्या पोरीचा काय दोष? माझ्या हातातली कॉफी मी बर्फावर ओतली. बाईंनी फक्त एक छिन्नी उचलून तिची धार तपासली.

तितर भिंतीवर चढला. तर बाई काय करायच्या? तिकीट काढून यायच्या! जाडजूड पार्का कोट घालून तुकड्यासमोर उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने सांगायच्या, "दिस इज अ फ्लोर! जमीन कधी भिंतीवर टांगतात का?" शाळेची पोरं खूश व्हायची. शेवटी संग्रहालयाने अत्यंत नम्र ईमेल पाठवून त्यांना येऊ नका म्हणून कळवलं.

आणि पुढच्या हिवाळ्यात तितराचा पंख गळून पडला. आतली सळी फुगली, रेझिन सुटलं आणि दगडांचा सडा झाला.

संचालकांनी स्वतः फोन केला. बाई नाही म्हणतील असं मला वाटलं. मी असतो तर शिवीच दिली असती. बाई म्हणाल्या, "आधी त्याला आडवं करा. मग येते."

तुकडा आडवा झाला. बाई महिनोन्‌महिने रोज यायच्या. एका बाजूला झुकून, एक कान दगडाजवळ नेऊन सिमेंटचे कण काढत बसायच्या. संचालक पाहुण्यांना घेऊन आले की न बघता म्हणायच्या, "उजेडातून बाजूला व्हा." पंख पुन्हा बसला. फक्त एका कोपऱ्यात सिमेंट उरलं होतं, तेव्हा बाईंना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. हृदय कधीपासून थकलं होतं, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी भेटायला गेलो. श्वास पुरत नव्हता, तरी बोलल्या, "कोपऱ्यासाठी चुना भिजवून ठेवला आहे बादलीत. वर पाणी राहू दे म्हणावं, नाहीतर दगड होईल त्याचा."

मी लगेच संचालकांना फोन केला. "अ‍ॅब्सोल्यूटली," ते म्हणाले. "वुई विल लुक इन्टू इट." माझ्याकडे दाराचं कार्ड नव्हतं, आणि दार मी फोडू शकत नव्हतो. मी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच उत्तर.

त्याच आठवड्यात बाई गेल्या.

त्यांचं सामान आणायला मी गेलो तेव्हा दालनात पाटी लागलेली होती: संवर्धन पूर्ण. तुकड्याच्या कडेला, त्या कोपऱ्यातलं करडं सिमेंट तसंच दिसत होतं. ती बादली मागच्या दाराशी कचऱ्याच्या डब्यांजवळ टाकलेली मिळाली. आत चुना काठोकाठ, पांढरा, टणक. नखही रुतत नव्हतं.

बादली उचलून मी निघालो, तर संचालक समोरून आले. चेहरा पडलेला. "शी वॉज सच अ फोर्स," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

माझ्या दोन्ही हातांत बादली होती. ती मी खाली ठेवली नाही.